ॲलर्जीवाल्या घरात छोटं कुत्रं आणायचंय? जात शेवटी बघा

ॲलर्जी न होणारं कुत्रं म्हणून जे काय विकलं जातंय ना, तसली जात जगात कुठंच नाही, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो म्हणजे ज्यांना फक्त नाव पाहिजे होतं त्यांचा वेळ वाचेल. शिह त्झू नाही, पूडल नाही, माल्टीज पण नाही. पण म्हणून घरात कुणी शिंकतंय म्हटल्यावर कुत्रं आणायचंच नाही असंही नाही, बेळगावात काय, खानापूर-निपाणीकडं काय, एकजण ॲलर्जीवाला आणि तरी कुत्रं मजेत नांदतंय अशी घरं असतात. फक्त तिथं निवड वेगळ्या क्रमानं झालेली असते. आधी माणूस तपासला, मग घर बघितलं, मग ते एक ठराविक कुत्रं बघितलं, आणि जात सगळ्यात शेवटी. आपल्याकडं नेमकं उलटं चालतं, रील बघून जात ठरते, ॲडव्हान्स जातो, पिल्लू घरात येतं आणि मग आज्जीला धाप लागली की "आता ह्याचं काय करायचं ओ?" म्हणून फोनाफोनी सुरू.

केस नव्हे, लाळ आणि कोंडा

सगळे म्हणतात कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी आहे. केसाचं काय नसतं हो, त्रास देतात ती कुत्र्याच्या लाळेतली, कातडीच्या कोंड्यातली आणि लघवीतली प्रोटीनं. त्यातलं सगळ्यात बदनाम म्हणजे कॅन एफ 1, ते लाळेत भरपूर असतं, कुत्रं दिवसभर स्वतःला चाटत बसतं, लाळ केसांवर वाळते, तिची भुकटी होते आणि ती इतकी हलकी की फॅन लावला की तासन्‌तास हवेत फिरत राहते, पडद्याला चिकटते, शर्टावर बसून शाळेत आणि ऑफिसात जाते. ज्या घरात कधी कुत्रं नव्हतं तिथल्या धुळीत पण ती सापडते. म्हणजे "केस गळत नाहीत" ह्याचा अर्थ फरशीवर केस दिसत नाहीत एवढाच घ्यायचा. झाडायचं काम वाचतं, ते काय कमी नाही, पण नाकाची सुटका होईलच असं नाही.

हे मी मनानं सांगत नाही. 2011 साली अमेरिकेत डेट्रॉईटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या लोकांनी एकेक कुत्रं असलेल्या 173 घरांतली धूळ तपासली, 'हायपोॲलर्जेनिक' म्हणजे ॲलर्जी कमी करणाऱ्या म्हणून मिरवणाऱ्या जातींची घरं आणि बाकीची घरं, कॅन एफ 1 च्या प्रमाणात फरक सापडला नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये पूडल, लॅब्राडूडल वगैरे कुत्र्यांचे केस तपासले तर त्यांच्या केसांत बाकीच्यांपेक्षा कॅन एफ 1 जास्तच निघालं, आणि घरातल्या हवेत तर फरकच नव्हता. ओबामांनी 2009 मध्ये पोरीच्या ॲलर्जीमुळं पोर्तुगीज वॉटर डॉग आणला तेव्हापासून हे हायपोचं खूळ जोरात आहे, आणि विकणाऱ्याला तर अशी गोष्ट पाहिजेच असते.

ह्यात मला सगळ्यात उपयोगाची वाटते ती लॅब्राडूडलची गोष्ट. ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरॉन म्हणून एक माणूस अंधांसाठीची गाईड कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत होता, 1980 च्या दशकाच्या शेवटी हवाईमधल्या एका बाईला गाईड कुत्रं पाहिजे होतं आणि नवऱ्याला कुत्र्याची ॲलर्जी. ह्यानं लॅब्राडॉर आणि पूडलची जोडी लावली, तीन पिल्लं झाली, तिघांची लाळ आणि केस हवाईला पाठवले, तर नवऱ्याला त्रास न होणारं पिल्लू निघालं एकच. आईबाप तेच, वेत तोच, तरी तिघांतलं एक. आता सांगा, जातीचं नाव विचारून काय कळणार? एकाच जातीच्या दोन कुत्र्यांत जेवढा फरक असतो तेवढा कित्येकदा दोन जातींतही नसतो, म्हणून निवडायचं ते कुत्रं, जात नव्हे. पुढचं सगळं ह्याच हिशोबानं लिहिलंय.

आधी माणूस तपासा

आपल्या भागात शिंकायला कुत्रंच लागतं असं काय नाही. जून लागला की बेळगावात जी झड बसते ती सप्टेंबरपर्यंत, भिंतींना ओल, कपाटात बुरशीचा वास, गाद्या-वाकळांत धुळीतले बारीक किडे, माइट म्हणतात ते, दमट हवेत ते असे काय वाढतात की विचारू नका, आणि कणकुंबी-जांबोटीकडच्या घरांत तर विचारायलाच नको. पावसानंतर रस्त्याकडेला कांग्रेस गवत फुललेलं असतं, त्यानं नाक पण वाहतं आणि अंगाला खाज पण सुटते. निपाणीकडं तंबाखूची धूळ, संकेश्वरकडं मिरची वाळत घातलेली, ऊस आला की गुऱ्हाळाचा धूर. अशा ठिकाणी "मला धुळीची ॲलर्जी आहे" म्हणणाऱ्या माणसाला नक्की कशाची आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तपासलं नाही तर दोन्हीकडून फसगत, म्हणजे कुत्र्याची नसताना पोरांना नाही म्हणायचं किंवा कुत्र्याची असताना आणून बसायचं.

तेव्हा ॲलर्जीच्या किंवा छातीच्या डॉक्टरांकडं जाऊन स्किन प्रिक टेस्ट करून घ्या. हातावर थेंब ठेवून हलकं टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते की नाही ते दिसतं. सर्दीच्या, खाजेच्या गोळ्या, सेट्रिझीन वगैरे, त्याआधी साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात नाहीतर टेस्ट खोटी येते, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. गोळी बंद ठेवणं जमत नसेल तर रक्ताची आयजीई तपासणी असते, रक्तात ॲलर्जीची खूण शोधणारी, तिला गोळ्यांची अडचण नाही.

टेस्टमध्ये कुत्रं आलं तर डॉक्टरांना अजून एक विचारा, कॅन एफ 5 वेगळं तपासता येईल का. हे प्रोटीन नर कुत्र्याच्या प्रोस्टेट ग्रंथीतून येतं, लघवीतून बाहेर पडतं, मादीत नसतं. कुत्र्याची ॲलर्जी असलेल्यांत काही अभ्यासांत 30 टक्क्यांपर्यंत लोक असे सापडलेत की त्यांना फक्त ह्या एकाचीच ॲलर्जी. अशा माणसाला मादी बहुतेक चालून जाते! सगळ्या लॅबमध्ये ही तपासणी होत नाही, सॅम्पल बाहेर पाठवावं लागेल, पण थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल असा हा प्रश्न आहे, कारण उत्तर मिळालं तर अर्धी निवड तिथंच संपली. आणि तपासणी जमलीच नाही तरी बाकी सगळं सारखं असताना मी मादीच घ्या म्हणेन, तोटा तर काय नाही.

एक ठिकाणी मात्र मी सरळ नको म्हणतो. घरात कुणाचा दमा आटोक्यात नसेल, रात्री उठून इनहेलर घ्यावा लागत असेल, गेल्या वर्षात ॲडमिट करायची वेळ आली असेल, तर आत्ता कुत्रं नाही. पोरं रडतील, रडू देत. दमा नीट आवरला की मग परत विचार करा, तो पण डॉक्टरांना विचारून.

मग घर बघा

जुनी घरं असतील तर पुढं सोपा म्हणजे ओसरी, मग माजघर, मागं परडं असं असतं, ते ॲलर्जीच्या बाबतीत फ्लॅटपेक्षा बरं, कारण कुत्र्याला जागा वाटून देता येते. शहाबादी किंवा टाईल्सची फरशी पण चांगली, ओल्या फडक्यानं पुसली की काम झालं. वाईट म्हणजे कार्पेट, मखमली सोफा, जाड पडदे आणि पलंगाखाली कोंबलेल्या वाकळा. त्यातलं जे काढता येईल ते कुत्रं यायच्या आधी काढा, सोफ्याला धुता येणारी कव्हरं घाला.

सगळ्यात महत्त्वाचा नियम एकच, ॲलर्जीवाल्याच्या झोपायच्या खोलीत कुत्र्यानं पाऊल टाकायचं नाही, पहिल्या दिवसापासून नाही. "आज एक दिवस झोपू दे की ओ, थंडी पडलीय" म्हणणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं (बहुतेक करून तेच, जे आधी कुत्रं नको म्हणत होतं), त्याला आधीच समजावून ठेवा. माणूस सात-आठ तास त्या खोलीत श्वास घेतो, तेवढी खोली स्वच्छ राहिली तरी नाकाला रोज विश्रांती मिळते. दार लावलेलं राहील एवढं बघा. पैसे असतील तर हेपा म्हणजे बारीक भुकटी पण अडवणाऱ्या फिल्टरचा एअर प्युरिफायर त्याच खोलीत ठेवा, हॉलमध्ये ठेवून दार सताड उघडं असेल तर नुसतं वीजबिल.

झाडूचं पण सांगतो. कोरडी केरसुणी फिरवली की भुकटी सगळी वर उडते, म्हणून आधी ओलं फडकं, आणि झाडायचंच असेल तर ॲलर्जीवाला माणूस त्या वेळी बाहेर. साधा व्हॅक्युम पण तसाच, पुढून ओढतो आणि मागून बारीक भुकटी सोडतो, घ्यायचा तर हेपावाला घ्या. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा बंबातल्या कडकडीत पाण्यात, त्यानं माइट पण मरतात. पावसाआधी मे महिन्यात वाकळा-गाद्या कडक उन्हात घालायची आपली जुनी पद्धत आहे, ती सोडू नका.

घर बघताना माणसांचं पण बघायचं. रोज ब्रश कोण करणार, आंघोळ कोण घालणार? ॲलर्जीवाल्यानं ही कामं करायची नाहीत. घरात दुसरं कुणी तयार नसेल तर पुढचं वाचायची गरजच नाही.

आता जाती, छोट्याच का ते पण

छोटं कुत्रं म्हणजे कातडी कमी, म्हणजे कोंडा कमी, एका बादलीत आंघोळ, उचलून गच्चीवर नेता येतं. पण दुसरी बाजू अशी की छोटं कुत्रं मांडीवर चढतं, तोंड चाटतं, उशीपर्यंत येतं. मोठं कुत्रं दारात पडून असतं, हे तुमच्या नाकासमोर. ज्याला चाटल्या जागी गांधी उठतात त्यानं मांडीवर घ्यायचंच नाही.

शिह त्झू सध्या आपल्याकडं गल्लोगल्ली दिसतंय. वजन चार ते सात किलो, केस कमी गळतात, स्वभाव गरीब, कुणाच्याही मांडीवर बसेल. अडचण आहे ती आपल्या पावसाची. फोटोतले ते जमिनीपर्यंतचे केस जुलैत बघा कधी, सकाळी फिरवून आणलं की पोटाखालचे केस चिखलानं लडबडलेले, वरून पुसले की सुकल्यासारखे वाटतात पण कानामागं आणि काखेत बोट घालून बघितलं तर आत ओल तशीच, दोन दिवसांत तिथं गुठळी होते, गुठळीखाली कातडी लाल होऊन वास मारायला लागते, कुत्रं खाजवतं आणि खाजवलं की कोंडा उडतो. म्हणजे ज्या कारणासाठी आणलं तेच उलटं. म्हणून शिह त्झू घ्यायचंच तर केस बारीक कापूनच ठेवायचे, पपी कट म्हणतात तो, निदान जून ते ऑक्टोबर तरी. दिसायला कमी भारी दिसेल, दिसू दे. नाक चपटं असल्यानं एप्रिल-मेच्या उन्हात पण जपावं लागतं. ल्हासा अप्सोचं केसांच्या बाबतीत असंच, फक्त स्वभाव जरा कडक, अनोळखी माणसावर भुंकणार.

टॉय आणि मिनिएचर पूडल. टॉय खांद्यापर्यंत साधारण 25 सेंटीमीटर, मिनिएचर त्याहून मोठं. ह्यांचे केस कुरळे आणि वाढतच राहतात, गळलेला केस आणि कोंडा त्या कुरळ्यातच अडकून राहतो, घरभर उडत नाही, हा खरा फायदा. पण अडकलेला काढायला कोणीतरी पाहिजे ना, रोज ब्रश आणि दर चार-सहा आठवड्यांनी कटिंग, नाही केलं तर लोकरीच्या घोंगडीसारखा थर होतो. हुशार जात आहे, नुसतं बांधून ठेवलं तर घर डोक्यावर घेतं. कुत्र्याचे केस कापणारा ग्रूमर गाठायला तुम्हाला खानापुराहून किंवा चिकोडीहून दर महिन्याला गाडी काढावी लागणार असेल तर तो खर्च धरून चाला, किंवा घरीच मशीन चालवायला शिका, अवघड नाही. आणि अगदी इवलंसं "टीकप" पूडल म्हणून कुणी विकत असेल तर तिथून निघा, तसली जात कुठल्याच केनेल क्लबच्या यादीत नाही, बहुतेक वेळा ते अशक्त पिल्लू असतं.

माल्टीज, यॉर्कशायर टेरियर ही तीन-साडेतीन किलोची, केस माणसासारखे वाढणारे, केसांची निगा शिह त्झूसारखीच. हाडं नाजूक, घरात तीन-चार वर्षांची धडपडी पोरं असतील तर मी नको म्हणेन. मिनिएचर श्नाउझर जरा दणकट, मला वैयक्तिक ही जात आवडते, राठ केस, केस गळणं कमी, कापून ठेवलं की पावसात लवकर सुकतं, पण आपल्याकडं चांगलं पिल्लू मिळवायला शोध घ्यावा लागतो.

पॉमेरियन. सगळ्यांच्या काकांकडं एकेकाळी एक असायचंच. आपण पॉम म्हणतो ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं, दोन थरांचे केस, वर्षातून दोनदा असे गळतात की काळा शर्ट घालायची सोय नाही. ॲलर्जीवाल्या घरात पहिली पसंती नको. पग पण नको, केस आखूड असले तरी भरपूर गळतात, वर श्वासाचा त्रास. बीगल गळतं पण आणि ओरडतं पण, शेजारी भांडायला येतील. डॅशहुंड आखूड केसांचं घेतलं तर अंग पुसायला सोपं जातं, पाठ नाजूक म्हणून जिने नकोत.

मुधोळचं पण विचारतातच, शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं, आपल्याकडचं कुत्रं, 2005 साली पोस्टाच्या तिकिटावर आलेलं, अभिमान आहेच. केस अगदी आखूड, अंग पुसायला सोपं. पण ते छोटं नाही हो, पळायला शेत पाहिजे त्याला. फ्लॅटमध्ये आणून त्याचे हाल करू नका.

आणि गावठी? आखूड केसांची, अंगानं लहान राहिलेली एखादी गावठी मादी ह्या सगळ्या जातींच्या तोडीची ठरू शकते, कातडी चिवट असते, आपल्या हवेला सरावलेली असते. कोंडा आणि लाळ तिलाही आहेच, पण ती तर सगळ्यांनाच आहे.

पिल्लापेक्षा मोठं झालेलं बघा

हे ऐकून लोकांची तोंडं पडतात पण ॲलर्जीवाल्या घरासाठी माझा सल्ला दीड-दोन वर्षांचं झालेलं कुत्रं घ्या असाच आहे. पिल्लाचे केस वेगळे, सहा महिन्यांपासून वर्षभरात ते जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येतात, अंग वाढतं, म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला कुशीत घेऊन "बघा, काय झालं नाही" म्हणण्याला अर्थ नाही. मोठं कुत्रं जसं आहे तसं समोर आहे, आज त्रास झाला नाही तर उद्या अचानक व्हायची शक्यता कमी. आणि अशी कुत्री मिळतात, शिह त्झू तर हमखास, हौसेनं आणलेली, मग पोरगं बेंगळुरूला नोकरीला गेलं किंवा बदली झाली म्हणून द्यायची असतात. प्राण्यांच्या डॉक्टरांकडं सांगून ठेवलं तर कळतं.

तपासायची पद्धत अशी. ज्या घरात ते कुत्रं राहतं तिथं ॲलर्जीवाल्या माणसानं जायचं, दाराबाहेर उभं राहून नाही, आत बसून दोन-तीन तास, चहा-पाणी, गप्पा, कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवायचा, हात न धुता थोडा वेळ बसायचं पण डोळ्याला लावायचा नाही. गोळी घेऊन जाऊ नका, नाहीतर काय कळणार? (दम्याच्या रोजच्या औषधाला मात्र हात लावायचा नाही, ते चालूच ठेवायचं, आणि इनहेलर खिशात.) त्या दिवशी, रात्री आणि दुसऱ्या दिवशी काय होतंय ते लिहून ठेवा. मग काही दिवसांनी परत जा, कारण पहिल्या वेळी काय झालं नाही आणि तिसऱ्या वेळी डोळे सुजले असं होतं. तिथं त्यांच्याकडं मांजर पण आहे का ते विचारा, नाहीतर मांजराचा आळ कुत्र्यावर जायचा.

एवढं पार पडलं की त्या घरच्यांना विनंती करून कुत्रं आठ-पंधरा दिवस आपल्या घरी ठेवून घ्या. आपल्या गाद्या, आपला फॅन, आपली बंद खोली, ह्यातच खरं कळतं. शेवटची आंघोळ किती दिवसांपूर्वीची ते विचारा, कारण काही लोक द्यायच्या आदल्या दिवशी घसघसून आंघोळ घालतात आणि पहिले तीन दिवस सगळं झकास वाटतं.

पिल्लूच पाहिजे असेल तर निदान आई आणि जमलं तर बाप बघा, त्यांच्यासोबत बसा. 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तरी पाच आठवड्यांची पिल्लं टोपलीत घालून दाखवणारे भेटतात, त्यांच्याकडून घेऊ नका. आणि त्रास झाला तर पिल्लू परत घेणार का, हे पैसे द्यायच्या आधी लिहून घ्या. विकणारा परत घेत नसेल तर आपल्या माणसांतलं कोण घेणार ते ठरवून ठेवा, गडहिंग्लजची आत्या असो नाहीतर हुबळीचा मामा, नाव ठरलेलं पाहिजे. जांबोटीच्या रस्त्याला गाडीतून कुत्रं सोडून येणारी माणसं आकाशातून पडत नाहीत, ती अशाच न ठरवलेल्या घरांतली असतात.

वेळेचं म्हणाल तर पावसाच्या तोंडावर आणू नका. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत बरं, घर सुकं असतं, शिंक कशाची ते ओळखता येतं, कुत्र्याला बाहेर शी-सूची सवय पण लवकर लागते.

आणल्यावर

आंघोळ घातली की अंगावरचं ॲलर्जन, म्हणजे ते त्रास देणारं प्रोटीन, बरंच खाली येतं पण दोन-तीन दिवसांत परत चढतं, म्हणून फायदा टिकवायचा तर आठवड्यातून दोनदा घालावी लागते. कुत्र्याचाच शॅम्पू, माणसाचा नको, कातडी कोरडी पडून कोंडा वाढतो. प्राण्यांच्या डॉक्टरांना सांगा की आठवड्यातून दोनदा घालणार आहे, ते सौम्य शॅम्पू देतील. पावसात इतकं सुकवणं जमत नाही तेव्हा एक आंघोळ आणि मधल्या दिवशी ओल्या टॉवेलनं अंग पुसणं, तेवढा फायदा नाही मिळत पण काहीच नसण्यापेक्षा बरं. सुकवताना कानामागं, काखेत, बोटांच्या बेचक्यात बघा. ब्रश परड्यात किंवा गच्चीवर करायचा, घरात नाही, आणि करणाऱ्यानं नंतर शर्ट बदलायचा.

कुत्र्याची कातडी चांगली तर तुमचं नाक चांगलं. गोचीड झाले, बुरशी झाली, नुसत्या भाकरी-दुधावर ठेवलं, की कोंडा वाढलाच. गोचिडाची गोळी वेळेवर द्या, रेबीज आणि बाकीच्या लसी तर आहेतच, आपल्या चिखलपाण्याच्या भागात लेप्टोची पण (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा रोग) डॉक्टरांना विचारा.

महिनाभरात शिंका वाढल्या तर लगेच कुत्र्याला परड्यात बांधून टाकू नका, त्यानं प्रश्न सुटत नाही, अंगावरच्या कपड्यांतून ते घरात येतच राहतं आणि चार किलोचं कुत्रं पावसात आजारी पडतं ते वेगळंच. आधी बघा झोपायच्या खोलीचं दार उघडं राहायला लागलंय का, मग आंघोळीत खंड पडलाय का, मग कुत्र्याला खाज सुटलीय का. तिन्ही ठीक असतील तर डॉक्टरांकडं जा, नाकाचा स्प्रे, गोळ्या ह्यानं बऱ्याच जणांचं भागतं. ॲलर्जीची इंजेक्शनं असतात, पण कुत्र्याच्या बाबतीत त्यांचा भरवसा माइटच्या मानानं कमी, म्हणून "नंतर इंजेक्शन घेऊ" ह्या हिशोबावर कुत्रं आणू नका. आणि इनहेलर जास्त लागायला लागला तर मात्र वाट बघायची नाही, ठरवून ठेवलेल्या आत्याला फोन करायचा.

कुत्रं गेल्यावर पण शिंका काही महिने राहू शकतात, कारण भुकटी गाद्यांत आणि सोफ्यात बसलेली असते. म्हणून पंधरा दिवसांत "बघा, कुत्र्याचं नव्हतंच" असं ठरवून दुसरं आणू नका, आधी पडदे, कव्हरं, अभ्रे सगळं गरम पाण्यातनं काढा, भिंती ओल्या फडक्यानं पुसा, आणि चार-सहा महिने जाऊ द्या.